न्यूट्रॉनला दिसणारी मिती

द्राक्षबागेत केवडा पडू नये म्हणून बागायतदार मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण फवारतात. त्या मोरचुदाचा निळा खडा हातात घेतला तर त्याला लांबी, रुंदी, जाडी सगळे असते. त्यातल्या चुंबकत्वाला मात्र एकच मिती आहे. खड्यातल्या निम्म्या तांब्याच्या अणूंचे स्पिन ओळीने एकमेकांशी जोडलेले असतात आणि शेजारच्या ओळीत काय चालले आहे याची त्यांना जवळजवळ दखलही नसते. उरलेले निम्मे अणू जवळपास एकेकटे असतात. मार्टिन मूरिगाल, हेन्रिक रोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोरचुदाचे असे स्फटिक घेतले, ज्यांत पाण्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम होते. साधा हायड्रोजन न्यूट्रॉनांना सैरावैरा उधळतो, म्हणून ही काळजी घ्यावी लागते. ते स्फटिक निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, एक दशांश केल्विनच्या आसपास थंड करून त्यांवर न्यूट्रॉनचा झोत सोडला. 2013 साली प्रसिद्ध झालेले ते मोजमाप आणि 1931 साली कागदावर मांडलेले एक गणित यांचा मेळ इतका चोख बसला, की ती आकृती प्रथम पाहताना मी बराच वेळ पान उलटले नाही.

या पुस्तकाचा विषय, आंतरधातू संयुगांतले कमी मितीचे चुंबकत्व, मोरचुदापेक्षा अवघड जागी आहे. मोरचूद विद्युतरोधक आहे. त्यातले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंना धरून असतात, आणि एका तांब्याचा स्पिन दुसऱ्याशी जोडला जातो तो मधल्या अणूंच्या रासायनिक बंधांतून. बंध ज्या दिशेला, त्या दिशेला चुंबकीय नाते. बंध क्षीण तिथे नातेही क्षीण. त्यामुळे अशा पदार्थांत ओळी किंवा थर वेगळे काढणे रसायनतज्ज्ञांना जमते. आंतरधातू संयुगांत ही सोय नाही. ही संयुगे म्हणजे नुसते मिश्रधातू नव्हेत. मिश्रधातूत कोणता अणू कुठे बसेल याला फारसा नियम नसतो, तर इथे प्रत्येक मूलद्रव्याचे प्रमाण आणि स्फटिकातली जागा ठरलेली असते. इअरफोनमध्ये बसणारे निओडिमियम, लोह, बोरॉन यांचे चुंबक याच कुळातले. या पदार्थांत संवहन इलेक्ट्रॉन सगळीकडे मोकळे हिंडतात. एखाद्या अणूच्या स्पिनने आसपासच्या इलेक्ट्रॉनांना जरा कलवले, की त्या कलाच्या लहरी सर्व दिशांना पसरतात आणि दूरच्या अणूच्या स्पिनपर्यंत पोचतात. रूडरमन आणि किटेल यांनी 1954 साली, कासुयांनी 1956 साली आणि योसिदांनी 1957 साली या परस्परक्रियेचे गणित उभे केले. चौघांच्या आद्याक्षरांवरून तिला आरकेकेवाय म्हणतात. अंतर वाढते तशी ती साधारण अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि वाटेत तिचे चिन्ह उलटसुलट बदलत राहते. म्हणजे पहिला शेजारी विरुद्ध दिशेला ओढतो, त्यापलीकडचा कदाचित त्याच दिशेला.

अशा ठिकाणी एका ओळीपुरते किंवा एका थरापुरते चुंबकत्व टिकावेच का? हा प्रश्न मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: पदार्थाच्या चुंबकत्वाची मिती अणू कसे मांडले आहेत यावरून ठरत नाही, कोणता स्पिन कोणाशी किती जोराने जोडलेला आहे, यावरून ती ठरते. ते जोडणे क्ष-किरणांनी काढलेल्या स्फटिकरचनेच्या चित्रात उमटत नाही. ते थेट मोजायचे तर आजही न्यूट्रॉनला तोड नाही.

आधी मितीला इतके महत्त्व का, ते सांगायला हवे. हॅम्बुर्गला विल्हेल्म लेन्झ यांनी आपले विद्यार्थी एर्न्स्ट ईझिंग यांना एक साधे प्रतिमान दिले. त्यात प्रत्येक स्पिन फक्त वर किंवा खाली असतो आणि लगतच्या शेजाऱ्याशीच त्याचा संबंध असतो. ईझिंगनी एका ओळीचे गणित सोडवले आणि 1925 साली प्रसिद्ध केले. उत्तर निराशाजनक होते: निरपेक्ष शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला स्पिनांची शिस्त टिकत नाही. घाटातल्या गावाला एकच रस्ता असेल, तर एक दरड कोसळली की पलीकडचा संपर्क तुटतो; रस्त्यांचे जाळे असेल तर वळसा घालून पोचता येते. ओळीत एका जागी स्पिन उलटा झाला, की त्याच्या पलीकडच्या सर्वांना अलीकडचा कल कळायला मार्गच उरत नाही. ईझिंगनी यावरून तीन मितींतही असेच होईल असा अंदाज बांधला, तो चुकला. 1936 साली पायर्ल्स यांनी दोन मितींत शिस्त टिकू शकते हे दाखवले आणि 1944 साली ऑन्सागर यांनी त्या द्विमितीय प्रतिमानाचे नेमके उत्तर काढले. त्यांची ती गणिती कामगिरी विसाव्या शतकातल्या भौतिकीच्या निवडक थोर कामांत मोजावी लागेल. पण स्पिन वर-खालीच न राहता कुठल्याही दिशेला वळू शकत असतील तर? मर्मिन आणि वॅग्नर यांनी 1966 साली सिद्ध केले, की परस्परक्रिया जवळच्या जवळ असेल तर अशा स्पिनांना दोन मितींतही, शून्याच्या वर, कायमची शिस्त पाळता येत नाही.

यापेक्षा खोल गोष्ट हान्स बेटे यांच्या हाती आधीच लागली होती. 1931 साली, रोममध्ये असताना, त्यांनी क्वांटम स्पिनांच्या एका ओळीचे अचूक उत्तर शोधण्याची रीत सांगितली. पुढच्या लेखात हीच रीत दोन-तीन मितींकडे नेऊ असेही लिहिले. तो लेख कधी आला नाही, कारण ती रीत तिथे लागूच होत नाही. बेटेंच्या रीतीतून पुढे कळले, की प्रतिलोहचुंबकी ओळीत स्पिन आळीपाळीने वर-खाली असे स्थिर उभे नसतात. ती सततच्या क्वांटम चलबिचलीची अवस्था आहे. तिला धक्का दिला तर काय होते, हे उलगडायला पन्नास वर्षे गेली. द क्लोआझो आणि पिअरसन यांनी 1962 साली उत्तेजनांची खालची सीमा काढली. 1981 साली फादेयेव आणि ताख्ताजान यांनी दाखवले, की एक स्पिन उलटला की तो एक एकक म्हणून पळत नाही. त्याचे दोन भाग होतात, प्रत्येकाचा स्पिन अर्धा, आणि ते दोघे ओळीत आपापल्या दिशेने सुटतात. त्यांना स्पिनॉन म्हणतात. याचा प्रयोगात दिसणारा ठसा असा: संवेग आणि ऊर्जा यांच्या आलेखात एक बारीक रेषा दिसण्याऐवजी दोन सीमांमध्ये पसरलेला पट्टा दिसतो, कारण मिळालेली ऊर्जा दोघे कशीही वाटून घेऊ शकतात. तांबे, पोटॅशियम आणि फ्लोरिन यांच्या एका संयुगात हा पट्टा 1990च्या दशकात न्यूट्रॉनांनी टिपला. मोरचुदाच्या प्रयोगाने त्याची बारकाईने मोजदाद केली: सैद्धांतिक गणिताप्रमाणे तीव्रतेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग दोन स्पिनॉनांच्या जोडीचा, आणि उरलेला जवळजवळ सगळा चार स्पिनॉनांचा.

हे सगळे न्यूट्रॉनलाच का दिसते? 1932 साली चॅडविक यांना सापडलेल्या या कणाला विद्युतभार नाही, म्हणून तो पदार्थात खोलवर शिरतो. त्याला स्वतःचे छोटे चुंबकीय परिबल आहे, म्हणून अणूंच्या चुंबकत्वाशी त्याची गाठ पडते. आणि त्याचे वजन असे सोयीचे आहे, की अणुभट्टीत खोलीच्या तापमानापर्यंत मंदावलेला न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे 2200 मीटर वेगाने जातो, त्याची तरंगलांबी सुमारे 1.8 अँगस्ट्रॉम, म्हणजे अणूंमधल्या अंतराएवढी, आणि ऊर्जा सुमारे 25 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे स्पिनांच्या हालचालींच्या मापाची असते. तेवढ्याच तरंगलांबीच्या क्ष-किरणाची ऊर्जा अडीच लाख पटींहून जास्त भरते. तिच्यातली मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची घट पकडणे फार कठीण. न्यूट्रॉनने किती ऊर्जा सोडली आणि तो कोणत्या दिशेला वळला, हे दोन्ही एकाच वेळी मोजता येते. ओक रिजला क्लिफर्ड शल आणि सॅम्युएल स्मार्ट यांनी 1949 साली मँगनीज ऑक्साइड थंड करून त्यावर न्यूट्रॉन सोडले, तेव्हा खोलीच्या तापमानाला नसलेल्या जादा रेषा उमटल्या. लुई नील यांनी मांडलेली आळीपाळीची रचना प्रथमच डोळ्यांपुढे आली. कॅनडातल्या चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी ऊर्जेतला फरक मोजणारे त्रिअक्षीय उपकरण घडवले. शल आणि ब्रॉकहाउस यांना 1994 साली नोबेल मिळाले. शल यांच्याबरोबर ओक रिजचे हे काम सुरू करणारे अर्नेस्ट वोलन तोवर हयात नव्हते.

मितीचे वाचन कसे होते, हे इथेच समजून घेतलेले बरे, कारण पुढची सगळी प्रकरणे त्यावर उभी आहेत. प्रकीर्ण न्यूट्रॉनांचा नकाशा आपण संवेगाच्या अवकाशात काढतो. स्पिनांची संगती तिन्ही दिशांना दूरवर पसरलेली असेल, तर या नकाशात तीव्रता ठिपक्यांत एकवटते. संगती फक्त थरांपुरती असेल, तर थराला लंब दिशेत संवेगाचे बंधन उरत नाही आणि ठिपके ताणले जाऊन दांडे होतात. संगती एकेका ओळीपुरतीच असेल, तर तीव्रता पातळ पत्र्यांसारखी पसरते. म्हणजे नकाशातली आकृती जितकी मोठी, पदार्थातली संगती तितकी कमी मितीची. दुसरी एक गोष्ट: न्यूट्रॉनला चुंबकीय परिबलाचा फक्त तोच भाग दिसतो, जो संवेगबदलाच्या दिशेला लंब असतो. या नियमावरून स्पिन कोणत्या दिशेला डुलतात तेही कळते. ज्याला हे दोन नियम पक्के समजले, त्याला या पुस्तकातल्या बहुतेक आकृत्या लेखकाच्या मदतीशिवाय वाचता येतील.

आता उदाहरणे. सेरियम, ऱ्होडियम आणि इंडियम यांचे सेरियम-ऱ्होडियम-इंडियम-5 हे संयुग पाहिले, तर त्यात सेरियमचे थर आणि त्यांच्यामधले ऱ्होडियम-इंडियमचे थर स्पष्ट दिसतात. त्याच रचनेचे, ऱ्होडियमच्या जागी कोबाल्ट असलेले भावंड 2.3 केल्विनला अतिसंवाहक होते. थरांची रचना आणि अतिसंवाहकता एकत्र दिसल्यावर द्विमितीय चुंबकत्वाकडे मन धावणे साहजिक आहे. पण वेई बाओ आणि सहकाऱ्यांनी ऱ्होडियमच्या संयुगातल्या स्पिनांची संगती न्यूट्रॉनांनी मोजली, तेव्हा ती थरात जास्त आणि थराला लंब कमी असली तरी त्रिमितीयच निघाली. हा प्रयोग सोपा नाही. इंडियम आणि ऱ्होडियम दोन्ही न्यूट्रॉन गिळतात, म्हणून नमुन्याची जाडी, आकार आणि झोतापुढे त्याची ठेवण यांचा फार विचार करावा लागतो.

उलट टोकाचे उदाहरण सेरियम आणि तांब्याच्या एका संयुगाचे आहे, ज्यात थोडे तांबे काढून सोने घातलेले असते. मूळ संयुगाच्या एका एककात सहा तांब्याचे अणू; त्यांतल्या सरासरीने एका अणूचा दहावा हिस्सा सोन्याने बदलला, की पदार्थ नेमका चुंबकीय शिस्त उगवण्याच्या उंबरठ्यावर येतो आणि तो उंबरठा निरपेक्ष शून्यालाच असतो. याच्या रचनेत डोळ्याला थर दिसत नाहीत. पण हिल्बर्ट फॉन ल्योनाइसेन यांच्या गटातल्या ओलिव्हर श्टोकर्ट आणि सहकाऱ्यांनी 1998 साली त्यात न्यूट्रॉनांच्या नकाशावर दांडे पाहिले. चलबिचल द्विमितीय होती. या एका निरीक्षणाने, त्रिमितीय सिद्धांताला न जुळणारी विशिष्ट उष्मा आणि विद्युतरोध यांची वागणूक बरीच सुसंगत झाली. नंतर आल्मुट श्रोडर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ऊर्जा आणि तापमान यांच्या गुणोत्तरावर सगळे अवलंबून असण्याची तीच पद्धत नकाशाच्या प्रत्येक भागात आढळते. म्हणजे क्रांतिकता, त्या उंबरठ्यावरची ही वागणूक, प्रत्येक अणूपाशी, स्थानिक पातळीवरही असावी. मूळ द्विमितीय चलबिचलीत की स्थानिक क्रांतिकतेत, हा वाद मिटलेला नाही, आणि या पुस्तकात मी तो मिटवल्याचा आव आणलेला नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे: यिटर्बियम, प्लॅटिनम आणि शिसे यांचे यिटर्बियम-2-प्लॅटिनम-2-शिसे. वरून पाहिले तर त्यातल्या यिटर्बियमच्या जोड्या एका पातळीत अशा बसलेल्या दिसतात, की श्रीराम शास्त्री आणि बिल सदरलंड यांनी 1981 साली मांडलेले जालक आठवावे. शास्त्री मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले, आणि या जालकाच्या द्विमितीय चुंबकत्वाचे अचूक उत्तर देता येते हे त्या दोघांनी दाखवले होते. म्हणून मेगन अॅरन्सन यांच्या गटाने 2008 साली या संयुगाचा पहिला विचार त्याच अंगाने केला. सगळ्यांचे लक्ष पातळीकडे होते. न्यूट्रॉनांनी मात्र, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या कामात, वेगळीच गोष्ट सांगितली: उत्तेजनांची ऊर्जा पातळीत कुठेही सरकले तरी बदलत नाही, ती बदलते पातळीला लंब दिशेत. म्हणजे चुंबकत्व उभ्या ओळींत आहे. आणि त्या ओळींत बेटेंच्या साखळीचा तोच पसरट पट्टा, धातूमध्ये.

खरे आश्चर्य त्यापुढे आहे. यिटर्बियमच्या परिबलाला इथे एका अक्षावर वर किंवा खाली एवढेच पर्याय आहेत. वरून खाली जायला कोनीय संवेगात सात एककांचा बदल लागतो. न्यूट्रॉन एका टकरीत एकाच एककाचा बदल घडवू शकतो. रूढ समजुतीप्रमाणे असे स्पिन जड आणि अभिजात वागायला हवेत, ईझिंगच्या ओळीसारखे, क्वांटम चलबिचलीशिवाय. तरीही चलबिचल दिसली, आणि परिबलाच्या अक्षाच्याच दिशेने असलेल्या घटकात दिसली. त्याचे स्पष्टीकरण असे, की शेजारच्या दोन अणूंमधले इलेक्ट्रॉन आपली पूर्ण कक्षीय अवस्था बरोबर घेऊन जागांची अदलाबदल करतात. सात एककांची उलटापालट त्यामुळे एका झटक्यात होते. या अदलाबदलीमुळे जड परिबलांची ओळही स्पिन अर्ध्याच्या क्वांटम ओळीसारखी वागते. अवजड विरल मृत्तिका क्वांटम खेळ खेळणार नाहीत, ही समजूत इथे मोडली. आंतरधातू संयुगांकडे नव्या नजरेने पाहण्याचे याहून चांगले कारण मला ठाऊक नाही.

मुंबईचा उल्लेख वर आलाच आहे. या विषयाशी या शहराचे नाते जुने आणि खरे आहे. पी. के. अय्यंगार यांनी चॉक रिव्हरला ब्रॉकहाउस यांच्याबरोबर जर्मेनियमच्या जालककंपनांवर काम केले. त्यांचा संयुक्त लेख 1958 सालचा. तुर्भ्याला परतल्यावर त्यांनी न्यूट्रॉन प्रकीर्णनाची परंपरा उभी केली. 1956 साली अप्सरा, मग सायरस, आणि 1985 साली क्रांतिक झालेली 100 मेगावॅटची ध्रुव अणुभट्टी ही तिची ठिकाणे ठरली. ध्रुवमधला न्यूट्रॉनांचा कमाल ओघ फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या अणुभट्टीच्या साधारण आठव्या हिश्श्याइतका आहे. म्हणून चुंबकीय रचना ठरवणारे पूड-विवर्तन तिथे उत्तम होते; छोट्या स्फटिकातली मंद उत्तेजने मोजायला मात्र आपले संशोधक ब्रिटनमधल्या आयसिससारख्या केंद्रांकडे जातात. यात कमीपणा नाही. कोणत्या प्रश्नाला कोणता झोत पुरे, हे ओळखणे ही या क्षेत्रातली पहिली समज आहे, आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने ती तुर्भ्यालाच शिकावी असे मला मनापासून वाटते.

कुलाब्याच्या टाटा संस्थेत 1994 साली यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या धातूत सुमारे 12 केल्विनला अतिसंवाहकता सापडली. यिट्रियमच्या जागी होल्मियम घातल्यावर अतिसंवाहकता आणि चुंबकत्व एकाच स्फटिकात नांदू लागली. न्यूट्रॉनांनी त्यांतले मळसूत्री स्पिन आणि पुढे थंड केल्यावरची थराआड थर उलटणारी रचना दाखवली. इथेही रचना थरांची आहे, पण तिचे इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांना वाहतात. या मोजमापांसाठी बोरॉनचे जड समस्थानिक मिळवावे लागले, कारण हलके समस्थानिक न्यूट्रॉन फस्त करते. गॅडोलिनियमची अडचण त्याहून मोठी. ई. व्ही. संपतकुमारन आणि सहकाऱ्यांनी याच संस्थेत गॅडोलिनियम, पॅलेडियम आणि सिलिकॉनच्या ज्या संयुगाचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्रात झपाट्याने घटतो असे नोंदवले, त्यात 2019 साली स्पिनांचे भोवरे आढळले, तेही क्ष-किरणांच्या वाटेने. न्यूट्रॉनांनी त्यातल्या परस्परक्रिया मोजायच्या तर कमी शोषणारे समस्थानिक घालून नमुना नव्याने बनवावा लागतो. पुस्तकातले एक पूर्ण प्रकरण मी नमुने बनवण्याला दिले आहे. वितळलेल्या शिशात किंवा इंडियमात स्फटिक हळूहळू वाढवणे, ते वेगळे काढणे, अनेक बारीक स्फटिक एका दिशेत लावून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवणे: हे काम शोधनिबंधात दोन ओळींत संपते आणि प्रयोगशाळेत महिने खाते.

एका प्रश्नाचे उत्तर या पुस्तकात नाही. यिटर्बियमच्या त्या ओळींभोवती मोकळे संवहन इलेक्ट्रॉन आहेतच. मग स्पिनॉन त्यांच्यात विरून कसे जात नाहीत? 2018 साली लॉरा क्लासेन, इगोर झालिझ्न्याक आणि अलेक्सेई त्स्वेलिक यांनी एकमितीय स्पिनांची ओळ आणि त्रिमितीय इलेक्ट्रॉन यांना जोडणारा एक सिद्धांत मांडला. त्यात या जोडणीमुळे इलेक्ट्रॉनांचेच वागणे नेहमीच्या धातूपेक्षा वेगळे होते. प्रयोगांनी तो पारखायचे काम पुष्कळ बाकी आहे. शेवटचे प्रकरण या जागेपर्यंत वाचकाला आणून सोडते. पुस्तक वाचायला पदव्युत्तर पहिल्या वर्षाची पुंजयामिकी आणि घन अवस्थेच्या भौतिकीची तोंडओळख पुरेल. ज्याला गणित टाळून वाचायचे असेल त्याने दुसरे आणि पाचवे प्रकरण सोडले तरी चालेल, पण संवेग-अवकाशाचे तिसरे प्रकरण सोडू नये.